सात महिन्यांच्या बाळाला घेऊन न्यू जर्सीहून सांगलीला : नातेवाइकांच्या भेटींचे नियोजन कसे करावे?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. आमची मुलगी डिसेंबरच्या मध्यावर सात महिन्यांची होईल आणि त्याच सुमारास तिला घेऊन पहिल्यांदा भारतात जाण्याचा विचार पक्का होत आला आहे. माझे आईवडील सांगलीत, पत्नीचे माहेर पुण्यात कोथरूडला, आत्या मिरजेला, मामा इचलकरंजीला आणि काकांचे कुटुंब तासगावजवळच्या आमच्या गावी, असा सगळा पसारा आहे. गावी माझी आजी आहे. तिचे वय नव्वदीकडे झुकले असून ती आता सोप्याबाहेर फारशी पडत नाही. पणतीचे तोंड एकदा पाहू दे, एवढेच ती दर फोनला म्हणते आणि खरे सांगायचे तर या प्रवासाचे कारणही तेवढेच आहे. नाही तर मूल चालू-बोलू लागेपर्यंत आम्ही थांबलो असतो.

तिकिटे अजून काढलेली नाहीत. मुलीचा जन्म इथला आहे, आम्ही दोघे एच-१बी या कामाच्या व्हिसावर आहोत आणि आमचे पासपोर्ट भारतीय आहेत. तिच्या कागदपत्रांपैकी आधी काय करावे, लसींचे काय आणि विमानात काय सोय मागावी, याबद्दल अनुभवी मंडळींनी लिहिले तर उपकार होतील. परंतु त्याहून अवघड प्रश्न नातेवाइकांचा आहे. तिकडे आत्ताच यादी तयार आहे : जोतिबाला जावळ, संक्रांतीनंतर बोरन्हाण, आजीच्या अंगावर सोन्याची फुले उधळण्याचा कार्यक्रम आणि त्याखेरीज प्रत्येक घरी एकेक जेवण. एका घरी गेलो आणि दुसऱ्या घरी गेलो नाही, तर रुसवेफुगवे ठरलेलेच आहेत. कुणाचे मन न मोडता हे कसे निभवावे?

एडिसनकर

कागदपत्रांचे मी सांगतो. सर्वांत आधी मुलीचा अमेरिकन पासपोर्ट काढावा. १६ वर्षांखालील मुलांसाठी डीएस-११ हा अर्ज असतो आणि त्या वेळी आई, वडील आणि बाळ अशा तिघांनाही प्रत्यक्ष हजर राहावे लागते; एक पालक येऊ शकत नसेल तर त्याचे नोटरी केलेले संमतिपत्र लागते. हा पासपोर्ट ५ वर्षे चालतो. फोटोसाठी बाळाला पांढऱ्या चादरीवर निजवून वरून फोटो काढणे सर्वांत सोपे पडते, फक्त तिच्या चेहऱ्यावर सावली येऊ देऊ नये आणि धरणाऱ्याचा हात फोटोत दिसू नये.

यानंतर भारतात प्रवेशाचा प्रश्न येतो. तुम्ही दोघे भारतीय नागरिक असल्यामुळे मुलगी ओसीआय कार्डाला (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देते ते कार्ड) पात्र आहे, पण त्या अर्जाला पालकांचा विवाहदाखला, जन्मदाखला आणि दोघांच्या सह्या लागतात, आणि नेमकी नावांपाशी अडचण येते. इथल्या जन्मदाखल्यावर आईचे माहेरचे आडनाव असते, पासपोर्टवर कित्येकदा सासरचे असते आणि नगरपालिकेच्या विवाहदाखल्यावर तिसरेच स्पेलिंग असते. हे तिन्ही कागद आजच शेजारी-शेजारी ठेवून पाहावेत. तफावत असेल तर ओसीआयच्या मागे न लागता पहिल्या प्रवासाला ई-व्हिसा घ्यावा आणि कार्डाचे काम परत आल्यावर निवांत करावे. ई-व्हिसातही ३० दिवसांचा घेऊ नका, एक वर्षाचा घ्या. अमेरिकन नागरिकाला त्यावर सलग १८० दिवसांपर्यंत राहता येते. अर्ज भारत सरकारच्या संकेतस्थळावरच भरावा, कारण त्याच्यासारखी दिसणारी आणि जास्तीचे पैसे उकळणारी खासगी संकेतस्थळे पुष्कळ आहेत.

एक वर्षाचा घ्या म्हणण्यामागे कारण आहे. तुमच्या पासपोर्टवरील एच-१बी व्हिसाचा शिक्का संपला असेल, तर मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीत जाऊन तो नव्याने घ्यावा लागेल. त्या तारखा पुढे ढकलल्या गेल्या तर मुलीला परत यायला कुणी अडवणार नाही, पण तुम्ही अडकलात म्हणजे तीही अडकलीच. तेव्हा शिक्क्याची स्थिती पाहिल्याशिवाय तिकिटे काढू नयेत.

दवबिंदू

लंडनहून लिहिते आहे. वर दिलेली माहिती अमेरिकेपुरती आहे, हे इतर वाचकांनी ध्यानात ठेवावे. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९८३ नंतर केवळ जन्माने नागरिकत्व मिळत नाही. पालकांपैकी एकजण तरी ब्रिटिश नागरिक किंवा तिथला कायमचा रहिवासी असावा लागतो. आमच्यासारख्या कामाच्या व्हिसावरील जोडप्याच्या बाळाची भारतीय उच्चायोगात जन्मनोंद करून भारतीय पासपोर्ट काढावा लागतो, आणि ही नोंद जन्मापासून एक वर्षाच्या आत करणे बरे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बाळाला ब्रिटनमध्ये परत येण्यासाठी स्वतःचा अवलंबित व्हिसा लागतो. जन्म इथलाच आहे म्हणून येऊ देतील, अशी समजूत करून घेऊन कुणी निघू नये.

जाता जाता आणखी एक गोष्ट. ज्या बाळांचे आईवडील किंवा आजीआजोबा क्षयरोगाचे प्रमाण जास्त असलेल्या देशात जन्मलेले आहेत, त्यांना इथे बीसीजीची लस देतात. अमेरिकेत ती सरसकट देत नाहीत, त्यामुळे कृष्णाकाठ यांनी आपल्या डॉक्टरांशी त्याविषयी बोलून घ्यावे.

माहेरवाशीण

विमानाविषयी लिहिते. दोन वर्षांखालील बाळ मांडीवर बसून जाऊ शकते, पण आंतरराष्ट्रीय प्रवासात त्याचेही तिकीट काढावे लागते. ते साधारणपणे मोठ्यांच्या भाड्याच्या १० टक्के आणि वर कर, असे पडते. तिकीट काढले की त्याच दिवशी विमान कंपनीला फोन करून पुढच्या भिंतीजवळची जागा आणि पाळणा मागून ठेवावा. पाळण्याला वजनाची आणि लांबीची मर्यादा असते, ती प्रत्येक कंपनीची वेगळी असते आणि सात महिन्यांचे गुटगुटीत बाळ कधी कधी तिच्याबाहेर जाते, म्हणून बाळाचे वजन हाताशी ठेवूनच फोन करावा. मात्र पाळणा मिळाला म्हणजे रात्र सुखाची गेली, असे समजू नका. विमान हेलकावे खाऊ लागले आणि पट्ट्यांचा दिवा लागला, की झोपलेल्या बाळाला उचलून मांडीवर घ्यावेच लागते. परवडत असेल तर तिसरे आसन विकत घेऊन त्यावर विमानात चालणारी कार सीट बांधणे सर्वांत सुरक्षित. ती सीट पुढे भारतातही उपयोगी पडते.

उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी अंगावर पाजावे किंवा बाटली द्यावी. गिळण्याने कानांचे दडे सुटतात. दूध, उकळलेले पाणी आणि बाळाचा आहार यांना १०० मिलिलिटरची मर्यादा अमेरिकेतील सुरक्षा तपासणीत लागू नसते, फक्त आपण होऊन तसे सांगावे. हातातल्या पिशवीत बाळाचे कपडे सगळेच ठेवतात, पण स्वतःसाठी एक जादा सदरा ठेवायचे विसरतात.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. माझे मत स्पष्ट आहे : बाळाला माणसांकडे नेऊ नये, माणसांना बाळाकडे बोलवावे. आम्ही डलासहून नाशिकला गेलो तेव्हा माझ्या सासूबाईंनी रविवारची सकाळ ठरवून सगळ्यांना एकाच घरी बोलावले. मिसळीचा बेत होता, माणसे येत होती, जात होती, आणि लेकाची झोपेची वेळ झाली की मी त्याला आतल्या खोलीत घेऊन जात होते आणि दार लावून घेत होते. त्या दाराला आतून कडी होती, हे मी फार मोठे भाग्य समजते. हेच लोक त्याला घेऊन घरोघरी भेटायचे म्हटले असते, तर प्रत्येक घरी नवी खोली, नवा वास, नवा पाळणा आणि "झोपलाय का? उठवा की जरा, आम्ही इतक्या लांबून त्यालाच बघायला थांबलोय" हे वाक्य ऐकावे लागले असते.

दुसरे असे की, नकार कुणी द्यायचा हे निघण्यापूर्वी ठरवावे. सांगलीच्या माणसांना नकार तुम्ही द्यायचा, कोथरूडच्या माणसांना तुमच्या पत्नीने. सुनेच्या तोंडून आलेला नकार वर्षानुवर्षे लक्षात राहतो; मुलाच्या तोंडून आलेला त्याच संध्याकाळी विसरला जातो. हे न्याय्य नाही, पण असेच आहे.

ओसरी

मी आजोबा आहे आणि साताऱ्याला राहतो. दोन्ही मुले परदेशी असल्याने या प्रश्नाची दुसरी बाजू मांडतो. माहेरवाशीण यांचे म्हणणे व्यवहाराला धरून आहे, परंतु ते जसेच्या तसे अमलात आणले तर इथल्या माणसांना आपण संसर्गाचे घर आहोत असे वाटू लागते. दारात आल्याबरोबर हात धुवा, पापा घेऊ नका, फोटोला फ्लॅश नको, हे सगळे बरोबर असले तरी ते सांगण्याची रीत असते. आमच्या सूनबाईंनी येण्याआधी माझ्या पत्नीला फोन करून बाळाची दिनचर्या समजावून दिली आणि पाहुण्यांना आवरण्याचे काम तिच्यावरच सोपवले. मग तीच दारात उभी राहून आपल्या जावांना हात धुवायला लावत होती! आजीला पाहुणी न समजता घरची कारभारीण समजले, की निम्मे प्रश्न उरत नाहीत.

आणि कृष्णाकाठ, तुमच्या आजीच्या बाबतीत मात्र हा नियम लावू नका. तिला सांगलीला आणण्यापेक्षा तुम्हीच गावी जा. सांगलीहून तासगाव फार तर तासाभराच्या अंतरावर आहे. सकाळी बाळाचे पहिले दूध झाले की निघावे आणि ऊन चढण्याआधी पोहोचावे. सोन्याची फुले उधळायला शंभर माणसांचा मांडव लागत नाही. पूर्वी ती पणतू झाला तरच उधळत. तुमच्याकडे पणतीसाठी उधळत आहेत, हे वाचून बरे वाटले.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. शिक्क्याचे आजच पाहिले. माझा चालू आहे, पत्नीचा संपला आहे, म्हणजे तारीख मिळेपर्यंत तिकिटे नाहीत.

ओसरी काका, तुमची सूचना आईला वाचून दाखवली. तिने लगेच "आत्याला मी बघून घेते" असे सांगितले, तेव्हा एक किल्ला सर झाला असे समजतो. परंतु आईचे स्वतःचे काही आग्रह आहेत. बाळगुटीची सहाण तिने घासून-पुसून ठेवली आहे, काजळ घरी धरणार आहे आणि न्हाऊ घातल्यावर वेखंड-ओव्याची धुरी देणार आहे. जावळ आणि बोरन्हाण आहेतच. यातले काय चालेल आणि काय नाही, हे कुणी जाणकार सांगू शकेल का?

पिंपळपान

मी कोल्हापुरात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो आणि डिसेंबर-जानेवारीत परदेशातून आलेली बाळे दरवर्षी माझ्याकडे येतात. पुढील माहिती सर्वसाधारण आहे. अंतिम निर्णय तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.

लसींपैकी सर्वांत महत्त्वाची गोवराची. अमेरिकेत एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्रित लस) पहिल्यांदा १२ महिन्यांनंतर देतात, पण परदेश प्रवास करणाऱ्या ६ ते ११ महिन्यांच्या बाळांना तिचा एक जादा डोस देण्याची तेथील सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेची शिफारस आहे. तो निघण्यापूर्वी किमान दोन आठवडे घ्यावा. हा डोस नेहमीच्या दोन डोसांत धरला जात नाही, ते पुढे वेळेवर द्यावेच लागतात. भारतात गोवर-रुबेलाची पहिली लस ९ महिने पूर्ण झाल्यावर असते, त्यामुळे त्याखालच्या वयाची मुले उघडी पडतात. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात गोवराची मोठी साथ आली होती, ती अनेकांना आठवत असेल. हिपॅटायटिस 'अ'च्या लसीचाही असाच एक जादा डोस या वयात प्रवासासाठी देतात. फ्लूची लस ६ महिन्यांपासून देता येते, परंतु पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. तुमची मुलगी नोव्हेंबरच्या मध्यावर सहा महिन्यांची होईल, म्हणजे डिसेंबरच्या प्रवासासाठी पहिला डोस त्यानंतर लगेच द्यावा लागेल. घरातील मोठ्या माणसांपैकी कुणाला दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असेल, तर तुम्ही पोहोचण्यापूर्वी त्यांची क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी करून घ्यावी. हे सांगताना संकोच वाटतो, पण आजी-आजोबांचा जुना खोकला घरात कुणी मोजतच नाही.

औषधांच्या बाबतीत मी एकच धोका नेहमी सांगतो. तुमच्याकडे ज्याला ॲसिटामिनोफेन म्हणतात, तेच आमचे पॅरासिटामॉल. परंतु तीव्रता वेगळी आहे. तिकडच्या बाळांच्या औषधात ५ मिलिलिटरमध्ये १६० मिलिग्रॅम असते, म्हणजे एका मिलिलिटरला ३२. इथल्या थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरलाच १०० मिलिग्रॅम असते. आठ किलोच्या बाळाला तिकडे अडीच मिलिलिटर देतात, ते बरोबर ८० मिलिग्रॅम होते. त्याच सवयीने इथले अडीच मिलिलिटर दिले, तर २५० मिलिग्रॅम पोटात जाते. तेव्हा स्वतःची बाटली आणि तिच्याबरोबरची पिचकारी घेऊन यावे आणि ती संपली तर नवा डोस डॉक्टरांकडून मिलिग्रॅममध्ये लिहून घ्यावा. सर्दी-खोकल्याची सिरपे दोन वर्षांखाली अजिबात देऊ नयेत, शेजारच्या नातवाला कितीही गुण आलेला असो.

पाणी उकळलेलेच वापरावे. पावडरचे दूध देत असाल तर उकळलेले पाणी ७० अंशांच्या खाली जाण्यापूर्वी त्यात पावडर मिसळावी आणि मग ते कोमट करून पाजावे. जुलाब झाले तर ओआरएसची एक लिटरची पुडी एक लिटर पाण्यातच घालावी, तयार द्रावण २४ तासांनंतर टाकून द्यावे आणि अंगावरचे दूध चालू ठेवावे. दुकानात ओआरएससारखी दिसणारी गोड पेये मिळतात, ती नकोत. डासांसाठी पाळण्यावर मच्छरदाणी हा उत्तम उपाय आहे. बाळाच्या खोलीत कॉइल जाळू नये.

आता तुमच्या आईच्या यादीकडे वळतो. बाळगुटीला माझा नकार आहे. हिरडा, जायफळ, मुरुडशेंग यांचे गुण-अवगुण बाजूला ठेवले तरी सहाण, पाणी आणि हात यांमार्फत जंतू जातात, आणि त्यात मध असेल तर एक वर्षाखालील बाळाला बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो. काजळ डोळ्यांत नको. बाजारातल्या काजळात शिसे आढळलेले आहे आणि घरी धरलेले काजळ बोटाने घातल्याने डोळे येतात. तीट लावायचीच असेल तर तळपायाला लावावी, तिथे ती तोंडातही लवकर जात नाही. धुरीने बाळाच्या श्वासनलिकांना त्रास होतो, तेव्हा तीही नको. तेलाचे मालीश मात्र जरूर होऊ द्यावे. आजीच्या हाताला काहीतरी काम हवेच, आणि ते यात भरपूर आहे. फक्त नाका-कानांत तेल घालू नये.

बोरन्हाणात अडचण एवढीच की बोरे, शेंगदाणे, हरभरे, उसाचे करवे, हलव्याचे दाणे हे सगळे सात-आठ महिन्यांच्या बाळाच्या घशात अडकण्याच्या मापाचे असते आणि या वयात हाताला लागेल ते तोंडात जाते. बाळाला मांडीवर घ्यावे, डोक्यावरून चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या टाकाव्यात आणि बाकीचा खाऊ बाजूला जमलेल्या मोठ्या मुलांना लुटू द्यावा. हलव्याचे दागिने फोटोपुरते घालून लगेच काढावेत.

ओसरी

डॉक्टरांनी जावळाचे लिहिले नाही. जोतिबाला रविवारी जाऊ नये, तो देवाचा वार असल्याने डोंगरावर अतोनात गर्दी असते. शिवाय तिथे गुलाल उधळतात आणि तो बाळाच्या नाकातोंडात जातो. मधल्या वारी सकाळी लवकर जाऊन दर्शन घ्यावे आणि जावळ घरीच, मामाच्या मांडीवर, नव्या पात्याने करावे. देवाला चार केस नंतर नेऊन वाहिले तरी चालतात. आमच्याकडे तसेच केले होते आणि जोतिबाने काही तक्रार केली नाही.

एडिसनकर

प्रवासाच्या आखणीबद्दल थोडे. मुंबईत उतरल्यावर तडक सांगली गाठण्याचा मोह टाळावा. ते अंतर पावणेचारशे किलोमीटरच्या घरात आहे, बरीच विमाने मध्यरात्री पोहोचतात, आणि रात्रभर जागलेल्या चालकाच्या गाडीत खंबाटकीच्या घाटातून बाळाला नेण्याची घाई कशाला? कोथरूडला आधी थांबावे. हिवाळ्यात भारत न्यू जर्सीच्या साडेदहा तास पुढे असतो, म्हणजे बाळाचा दिवस आणि रात्र जवळजवळ पूर्ण उलटतात. पहिला आठवडा ती मध्यरात्री खेळायला उठणार, हे गृहीत धरून त्या आठवड्यात एकही कार्यक्रम ठेवू नका. सकाळच्या उन्हात नेल्याने घडी लवकर बसते.

भाड्याच्या गाडीत कार सीट सहसा मिळत नाही, म्हणून आपली न्यावी. गाडी ठरवतानाच मागच्या आसनाला तीन टोकांचे पट्टे आहेत आणि ते सीटकव्हरखाली दडपलेले नाहीत, याची चालकाकडून खात्री करून घ्यावी. "मांडीवर घ्या की, काही होत नाही" हे प्रत्येक जण म्हणेल.

कृष्णाकाठ

आईला सर्व प्रतिसाद वाचून दाखवले. बाळगुटीवरून थोडी कुरकुर झाली, "तुला तीच देऊन वाढवला" हेही झाले, पण डॉक्टर कोल्हापूरचे आहेत हे ऐकल्यावर तिने मानले. अमेरिकेच्या डॉक्टरचे मानले नसते. मालिशीचा हक्क तिने लेखी मागितला आहे. ठरले ते असे : आधी आठवडाभर कोथरूड, मग सांगली, तिथे एका रविवारी सगळ्यांना घरी बोलावणे, आणि बाहेरगावी फक्त आजीकडे जाणे. इचलकरंजीच्या मामांना मी स्वतः फोन केला. ते नाराज झाले. पण जावळ त्यांच्याच मांडीवर होणार असल्याने शेवटी सांगलीला यायला तयार झाले.

पिंपळपान यांना एक शेवटचा प्रश्न : परत आल्यावर काही तपासण्या कराव्यात का?

पिंपळपान

बाळ हसते-खेळते असेल तर उगाच रक्त काढू नये. मात्र परतल्यानंतर पुढील काही महिन्यांत ताप आला, तर तिथल्या डॉक्टरांना भारतात जाऊन आल्याचे पहिल्याच वाक्यात सांगावे, कुठे कुठे राहिलो तेही सांगावे, कारण हिवताप आणि विषमज्वर हे आजार तिकडे सहसा कुणाच्या मनात येत नाहीत. क्षयरोगाची तपासणी करायची का, हे घरात कुणी आजारी होते की नाही त्यावर ठरेल. आणि १२ महिने पूर्ण झाल्यावर एमएमआरचा नेहमीचा डोस द्यायचा आहे. लसीच्या कार्डावर आधीचा डोस दिसतो म्हणून तो कधी कधी राहून जातो.

माहेरवाशीण

मामांना रविवारी जेवायला पहिल्या पंगतीला बसवा.